पास खरा, कॅलेंडर चुकीचे

सकाळी जळगाव जामोदच्या बसस्थानकावर जामोद, आसलगाव, पिंपळगाव काळे या बाजूंच्या एस. टी. गाड्या येतात, तेव्हा त्यांत शाळा-कॉलेजची मुलेच जास्त असतात. कंडक्टर त्यांचे पास पाहतो. तो नेमके काय पाहतो? पासवरचे नाव आणि फोटो त्याच मुलाचा आहे ना, आजची तारीख पासच्या मुदतीत बसते ना, आणि पासवरचा शिक्का ओळखीच्या आगाराचा आहे ना. या तीन गोष्टी जमल्या की तो पुढे सरकतो.

आता अशी कल्पना करा, की एके दिवशी कंडक्टरच्या हाती चुकीचे कॅलेंडर आले आणि आज १ जानेवारी २००९ आहे असे तो समजून बसला. मग काय होईल? प्रत्येक पासाची मुदत त्याच्या मते अजून सुरूच झालेली नाही. तो सगळी गाडी खाली उतरवील! पास खरे आहेत, कंडक्टर प्रामाणिक आहे, तरीही सर्वांची अडवणूक झाली. यातून एक साधा नियम निघतो. एकच प्रवासी उतरवला गेला, तर दोष बहुधा त्याच्या पासात. सगळेच उतरवले गेले, तर कॅलेंडर तपासा.

हा नियम मला आठवला तो एका जुन्या संगणकामुळे. अकरावीतील एका विद्यार्थिनीच्या घरी दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक होता. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत दोन दिवसांवर आली, आणि ब्राउझरमध्ये कोणतेही पान उघडायला गेले की एकच ताकीद येई : ‘संपर्क सुरक्षित नाही.’ दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले, “संगणक जुना झाला, नवा घ्या.” मोठ्या भावाने सुचवले, “ताकीद असू दे, ‘तरीही पुढे जा’ दाब.” नव्या संगणकाला पैसे नव्हते. आणि पुढे जायचे, तर त्याच पानावर आधार क्रमांक आणि बँकेचा खाते क्रमांक लिहायचा होता. ती माझ्याकडे आली ती या पेचातून.

मी तिला दोन प्रश्न विचारले. ताकीद एकाच पानावर येते की सगळ्या? “सगळ्या.” पडद्याच्या कोपऱ्यात तारीख कोणती आहे? तिने घरी जाऊन पाहिले आणि फोनवर सांगितले, “सर, १ जानेवारी २००९. बारा वाजून दहा मिनिटे.” संगणक सुरू करून तेवढीच, म्हणजे दहा मिनिटे झाली होती!

ताकीद का आली?

ज्या पानांचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होतो, त्या प्रत्येक संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असते. तोच त्याचा पास. त्यावर संकेतस्थळाचे नाव, मुदत ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची अंकीय सही असते. ब्राउझर हा कंडक्टर. आजची तारीख तो स्वतः ठरवीत नाही, ती संगणकाच्या घड्याळावरून घेतो. घड्याळ २००९ दाखवीत असेल, तर आजची सारी प्रमाणपत्रे त्याला ‘अजून सुरू न झालेली’ वाटतात. पूर्वी ही मुदत काही वर्षांची असे. सप्टेंबर २०२० पासून दिलेल्या प्रमाणपत्रांना प्रमुख ब्राउझरांनी ३९८ दिवसांची मर्यादा घातली, आणि २०२९ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर आणायचे ठरले आहे. म्हणजे घड्याळाची चूक यापुढे अधिकच नडणार.

तिने तारीख, वेळ आणि मुख्य म्हणजे वर्ष दुरुस्त केले. पाने उघडली, अर्ज अर्धा भरून झाला. पण रात्री भिंतीवरचे बटण बंद केले आणि सकाळी पुन्हा २००९! आता खरा रोगी सापडला.

बंद संगणकातले चालू घड्याळ

संगणक बंद असतानाही त्याचे घड्याळ चालते. मदरबोर्डवर क्वार्ट्‌झचा एक छोटा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा विचित्र आकडा का? ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. ही कंपने पंधरा वेळा निम्मी केली, की सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो. निम्मे करणे हे इलेक्ट्रॉनिक मंडलाला सर्वांत सोपे काम.

या घड्याळाला वीज पुरवतो रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा एक घट. त्यावर ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. दाब ३ व्होल्ट, धारिता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. घड्याळ ३ मायक्रोअँपिअर प्रवाह घेते असे धरा आणि भागाकार करा. उत्तर येईल सुमारे ७३,००० तास, म्हणजे आठ वर्षांहून थोडे अधिक. भिंतीवरचे बटण चालू असेल, तर घड्याळ मुख्य विजेवर चालते आणि घट वाचतो. जिथे बटण रोज बंद होते आणि वीजही वरचेवर जाते, तिथे सारा भार घटावरच पडतो. दहा-बारा वर्षांच्या संगणकातील घट संपला, यात नवल ते काय?

घट बदलताना संगणकाची पिन भिंतीतून काढा, धातूच्या पेटीला हात लावून अंगावरील स्थिर वीज जाऊ द्या, आणि अधिक चिन्हाची बाजू जशी होती तशीच ठेवा. जुना घट लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका; तो गिळला गेला तर जिवावर बेतू शकते. नवा घट बसवल्यावर तारीख एकदा हाताने लावा. महाजालावरून वेळ जुळवून घेण्याची सोय विंडोजमध्ये आहे. पण फरक पंधरा तासांहून मोठा असला, तर ती सहसा आपणहून दुरुस्ती करीत नाही. त्या मुलीचे काम एका घटात झाले. अर्ज मुदतीत गेला.

तारीख बरोबर, तरी अडथळा?

आता कंडक्टरची तिसरी तपासणी आठवा : शिक्का. कोणत्या संस्थांच्या सह्या मानायच्या, याची यादी संगणकात आधीच भरलेली असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अशा यादीतील एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या विनामूल्य प्रमाणपत्रे देणाऱ्या सेवेचा जुना आधार तेच होते. ज्या जुन्या यंत्रांत नवे मूळ प्रमाणपत्र पोहोचलेच नव्हते, त्यांना त्या दिवसापासून असंख्य चांगली संकेतस्थळे परकी वाटू लागली. इथे एक युक्ती उपयोगी पडते. फायरफॉक्स हा ब्राउझर स्वतःची वेगळी यादी बाळगतो. एका ब्राउझरात न उघडणारे पान फायरफॉक्समध्ये उघडले, तर संगणकाची यादी जुनी झाली असा संशय घ्यायला जागा आहे.

कधी कंडक्टर आणि प्रवासी यांची भाषाच जुळत नाही. संदेश गुप्त ठेवण्याच्या ‘टीएलएस’ या पद्धतीच्या १९९९ आणि २००६ सालच्या आवृत्त्या प्रमुख ब्राउझरांनी २०२० मध्ये सोडायला सुरुवात केली. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ ही २०२३ सालची. असे यंत्र पान उघडील, पण नवी भगदाडे बुजवायला कोणी येणार नाही. बँकेच्या कामाला ते वापरू नये. मात्र ते भंगारातही घालू नका. लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली २ गिगाबाइट स्मृतीवरही चालू शकते.

तेव्हा क्रम ध्यानात ठेवा. आधी ताकीद पूर्ण वाचा. कित्येकदा ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. मग एकच पान अडते की सगळी, ते पाहा. मग तारीख आणि वर्ष. मग दुसरा ब्राउझर. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही. प्रयोगशाळेत आपण हेच करतो. आणि ताकीद ओलांडून कधीही पुढे जाऊ नका. तिच्यामागे नऊ वेळा घड्याळ असेल, पण दहाव्या वेळी खराच तोतया असू शकेल.

करून पाहा

क्वार्ट्‌झवर चालणारे एखादे हातघड्याळ आकाशवाणीच्या वेळेशी किंवा मोबाइलच्या घड्याळाशी सेकंदापर्यंत जुळवा आणि महिनाभर दर आठवड्याला फरक नोंदवा. हा प्रयोग डिसेंबरात आणि मे महिन्यात असा दोनदा करा. असा स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत जलद चालतो. ४५ अंशांना तो दिवसाला सुमारे सव्वा सेकंद मागे पडतो. आपल्याकडचा उन्हाळा या प्रयोगाला फुकट भट्टी पुरवतो. घड्याळ उन्हाळ्यात खिडकीजवळ आणि हिवाळ्यातही त्याच जागी ठेवा, म्हणजे फक्त तापमानच बदलेल. तुमच्या नोंदी काय सांगतात?