आठ खुर्च्या

माझ्या धाकट्या भावास छिन्नमनस्कतेचा, म्हणजे हल्ली सर्वतोमुखी झालेल्या शब्दात स्किझोफ्रेनियाचा, विकार जडून अकरा वर्षे लोटल्यानंतर, औषधांच्या चिठ्ठ्या आणि नातलगांचे सल्ले या दोहोंच्या भाराने मन वाकले असता, पुण्यातील एका रुग्णालयाने रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी नव्याने सुरू केलेल्या समुपदेशन-गटात मी दाखल झालो. पुण्यात अशा मंडळींत रुग्णाला ‘शुभार्थी’ व त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द सुंदर आहेत, परंतु पहिल्या गुरुवारी त्या खोलीत जमलेल्या आम्हा आठ जणांच्या मुद्रेवर शुभ असे काही दिसत नव्हते. (पुढील मजकूर सर्वांच्या संमतीने आणि ओळखीच्या खुणा बदलून लिहीत आहे.)

समदुःखी माणसांना एकत्र बसविण्याची ही रीत आजची नव्हे. १९०५ साली बोस्टन येथे जोसेफ प्रॅट या वैद्याने गरीब क्षयरोग्यांचा साप्ताहिक वर्ग भरविला, तो केवळ विश्रांती व आहाराचे नियम शिकविण्यासाठी. परंतु एकाचे वाढलेले वजन पाहून दुसऱ्यास उभारी येते, हे त्यास तेथे प्रत्यक्ष दिसले. आपल्याकडे १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या आप्तांनाच राहावयास बोलाविले. ज्यांस रुग्णापासून दूर ठेवण्याचा तोवरचा शिरस्ता होता, त्यांनाच त्यांनी उपचारात सामील करून घेतले.

आमच्या पहिल्या बैठकीचा बराचसा वेळ नियम ठरविण्यात गेला. ‘इथले इथेच’ हा मुख्य नियम. खाणेपिणे नाही, वेळेवर यावे, गैरहजर सभासदाची खुर्ची उचलू नये, हे पोटनियम. शिवणकाम करणाऱ्या एका मावशींनी विचारले, “आणि मॅडम, तुम्ही डॉक्टरांना सांगाल का?” समुपदेशिका किंचित थांबून म्हणाल्या, “कुणाच्या जिवाला धोका दिसला तर सांगेन. पण आधी ते तुम्हालाच सांगेन.” त्या अपवादाची अशी उघड कबुली ऐकून माझा जीव जसा निर्धास्त झाला, तसा कोणत्याही सरसकट अभिवचनाने खचितच झाला नसता.

तरीही दोन आठवडे आम्ही आपापसांत बोललोच नाही. मामलेदार कचेरीत फिर्यादींनी पाळीपाळीने कैफियत मांडावी, त्याप्रमाणे प्रत्येक जण मॅडमकडे तोंड करून बोले आणि इतर घड्याळाकडे पाहत. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी तर मुलाच्या आजाराचे तारीखवार दफ्तरच आणले होते, आणि ते वाचून संपताच मॅडमनी “ऐकताना बाकीच्यांना काय वाटलं?” असे विचारले, तेव्हा पसरलेली शांतता मला, खरे सांगायचे तर, फी बुडाल्यासारखी वाटली.

तिसऱ्या गुरुवारी काकांचा संयम सुटला. “आम्ही इथे रडायला येतो की शिकायला? औषध लपवून द्यावं की नाही, एवढं एक सांगा!” नव्या गटात असा कलहाचा टप्पा येतोच, असे ब्रूस टकमन याने १९६५ साली मांडले आहे, हे मला पुढे वाचनात आढळले, त्या क्षणी मात्र मला वाटले, संपले सारे. मॅडमनी ना स्वतःचा बचाव केला, ना निवाडा दिला. त्यांनी काकांचा प्रश्न जसाच्या तसा फळ्यावर लिहिला आणि खडू खाली ठेवून त्या बसल्या.

बऱ्याच वेळाने मावशी बोलू लागल्या. मुलगी गोळ्या घेत नाही म्हणून दोन वर्षे त्या गोळीची पूड करून कणकेत मळीत होत्या. एके दिवशी मुलीने ते पाहिले आणि तेव्हापासून ती आईच्या हातचे खात नाही, बाहेरून वडापाव आणून दाराआड खाते. मावशी रडत नव्हत्या, पदराचे टोक मात्र बोटाभोवती गुंडाळीत होत्या. काकांनी दफ्तर मिटले, खुर्ची मावशींच्या बाजूस वळविली आणि म्हणाले, “आमचा मुलगा घरचं दूध पीत नाही.” त्या खोलीत मॅडमना वगळून एकाने दुसऱ्याला उद्देशून उच्चारलेले ते पहिले वाक्य होते.

तेथून गटास दिशा सापडली, आणि ती कोणत्याही अभ्यासक्रमातून आलेली नव्हती. दर गुरुवारी आमच्यातील एकाचा एक प्रश्न फळ्यावर येऊ लागला. सल्ले देण्याची खोड मात्र जाता जाईना. माझी तर नाहीच.

पाचव्या आठवड्यात काकांची खुर्ची रिकामी राहिली. नियमानुसार ती तशीच होती, पण दीड तास प्रत्येकाची नजर तिच्याकडे वळत होती. सहाव्या गुरुवारी ते आले, हातात दफ्तर नव्हते. मुलाला पहाटे पुन्हा भरती करावे लागले होते. कोणी काही सुचविले नाही. मावशींनी एवढेच विचारले, “काका, जेवलात का?”

“सकाळी चहा घेतला होता.”

मावशींनी पिशवीतून डबा काढून त्यांच्या गुडघ्यांवर ठेवला. मॅडमनी तो पाहिला आणि खाण्याबाबतच्या नियमाची आठवण करून दिली नाही. काकांनी झाकण उघडले, पोळीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.