एम्पोरिया गॅझेट

एम्पोरिया गॅझेट : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी कॅनझस राज्यातील एम्पोरिया या लहान शहरातून निघणारे इंग्रजी वृत्तपत्र. स्थापना १८९०. खप काही हजारांपलीकडे कधीच न गेलेले हे सायंदैनिक विल्यम ॲलन व्हाइट (१८६८–१९४४) याच्या संपादकत्वाखाली देशभर वाचले व उद्धृत केले जाऊ लागले. छोट्या शहरातील दैनिकाचे बळ व त्याची अडचण ही दोन्ही संपादक आणि वाचक यांच्या निकट सान्निध्यातून उद्भवतात. या पत्राच्या इतिहासात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते.

एम्पोरिया हे लायन काउंटीचे मुख्य ठिकाण १८५७ मध्ये वसले. सभोवारची शेती व गुरचराईची कुरणे, सँता फे रेल्वे आणि १८६३ मध्ये स्थापन झालेले अध्यापक विद्यालय यांवर शहराचे जीवन अवलंबून होते. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सु. २४,००० भरली; व्हाइटच्या उमेदीच्या काळात ती याच्या निम्म्याहूनही कमी होती.

व्हाइट मूळचा याच गावचा. कॅनझस सिटी येथील स्टार या मोठ्या दैनिकातील नोकरी सोडून त्याने जून १८९५ मध्ये गॅझेट ३,००० डॉलरना विकत घेतले. हे सर्व भांडवल कर्जाऊ होते आणि त्यातील बराच भाग रिपब्लिकन पक्षाच्या वर्तुळातून आला होता. तेव्हा पत्राचा कल प्रारंभी कोणीकडे असणार, हे सांगावयास नको. खप पाचशेच्या आत होता आणि गावात प्रतिस्पर्धी दैनिकही होते. आपणास याच गावात म्हातारे व्हावयाचे आहे, असा मनोदय नव्या संपादकाने पहिल्याच अग्रलेखात व्यक्त केला व तो खरा केला. पुढे मोठ्या शहरांतून आलेली निमंत्रणे त्याने स्वीकारली नाहीत.

पत्राची उपजीविका अग्रलेखांवर नव्हे, तर गावच्या बातम्यांवर व दुकानदारांच्या जाहिरातींवर चाले. जन्म, विवाह, मृत्यू, आलेगेले पाहुणे, चर्चमधील मेळावे, शाळांचे समारंभ हा मजकूर परगावच्या वाचकास क्षुल्लक वाटला, तरी अशा दैनिकाचा तोच पाया असतो. वार्ताहरास ज्याच्याविषयी लिहावयाचे, तो मनुष्य दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटतो. म्हणून काय छापावे याइतकाच काय छापू नये याचाही विवेक येथे लागतो. व्हाइटच्या इन अवर टाउन (१९०६) या कथासंग्रहाची सामग्री अशा कचेरीतील अनुभवांतूनच आलेली आहे.

पत्राला पहिली कीर्ती मिळाली ती एका रागाच्या भरात. ऑगस्ट १८९६ मध्ये शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाच्या काही अनुयायांनी भर रस्त्यात व्हाइटला घेरून त्याची टर उडविली. संतापलेल्या संपादकाने कचेरीत येऊन ‘कॅनझसला झाले आहे तरी काय?’ या आशयाच्या शीर्षकाचा उपरोधपूर्ण अग्रलेख लिहिला व तो गाडी पकडून पत्नीकडे कोलोरॅडोस निघून गेला. १५ ऑगस्ट रोजी तो छापला गेला. अध्यक्षीय निवडणुकीत मॅकिन्लीच्या पक्षाने त्याच्या लक्षावधी प्रती वाटल्या. गंमत अशी, की ज्या सुधारणांचा आग्रह पॉप्युलिस्टांनी धरला होता, त्यांतील अनेकांचा पुरस्कार थीओडोर रूझवेल्टच्या सहवासात आल्यावर व्हाइटने स्वतःच केला.

१९२१ चा मे महिना संपादकाच्या घरी दुःखाचा ठरला. सोळा वर्षांची कन्या मेरी घोड्यावरून जात असता झाडाच्या फांदीचा आघात होऊन मरण पावली. वृत्तसंस्थेने ती घोड्यावरून पडल्याचे कळविले होते. १७ मे च्या अंकातील मृत्युलेखात बापाने प्रथम ही चूक दुरुस्त केली : ती पडली नव्हती, ती उत्तम घोडेस्वार होती. त्यानंतर तिच्या खोड्या, तिची गावातील सर्व थरांतील मित्रमंडळी यांविषयी कोठेही गळा न काढता लिहिले. गावच्या दैनिकात रोज येणाऱ्या मृत्युवार्तांच्याच जातीचा हा लेख पुढे अनेक शालेय पाठ्यपुस्तकांतून समाविष्ट झाला.

गॅझेटची खरी कसोटी १९२२ मध्ये लागली. जुलैत रेल्वे कारखान्यांतील कामगारांनी देशव्यापी संप पुकारला. संपास शंभर टक्के पाठिंबा दर्शविणारे फलक दुकानांतून लागले, ते काढण्याचा हुकूम राज्यपाल हेन्री ॲलन याने सोडला. हा ॲलन स्वतः वृत्तपत्रचालक व व्हाइटचा जुना मित्र. व्हाइटने आपल्या कचेरीच्या खिडकीत फलक लावला, परंतु त्यावर पाठिंबा ४९ टक्के असाच लिहिला : प्रश्न संपाच्या न्याय्यतेचा नसून मत मांडण्याच्या हक्काचा आहे, असे त्याचे म्हणणे. त्याच्यावर अटकेचे वॉरंट निघाले. २७ जुलै रोजी एका चिंतातुर मित्रास उद्देशून लिहिलेल्या अग्रलेखात त्याने शांततेच्या काळापेक्षा संकटकाळीच भाषणस्वातंत्र्याची गरज अधिक असते, हे प्रतिपादिले. खटला अखेर काढून टाकण्यात आला. त्या अग्रलेखास १९२३ चे पुलिट्झर पारितोषिक मिळाले. ज्या औद्योगिक न्यायालयाच्या कायद्याखाली ही कारवाई झाली, त्याच्या मुख्य तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी अवैध ठरविल्या.

कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या गुप्त संघटनेविरुद्धची मोहीम याहून अवघड होती. कारण तिचे अनुयायी गावातच, पत्राच्या वाचकांतही होते. प्रमुख पक्ष तिच्याविरुद्ध स्पष्ट बोलत नाहीत असे पाहून व्हाइट १९२४ मध्ये राज्यपालपदासाठी अपक्ष उभा राहिला. तो तिसरा आला, तरी त्यास सु. दीड लाख मते पडली.

२९ जानेवारी १९४४ रोजी व्हाइट निधन पावला. त्याच्या आत्मचरित्रास १९४७ मध्ये पुलिट्झर पारितोषिक मिळाले. पुत्र विल्यम लिंझी व्हाइट (मृत्यू १९७३) हा युद्धवार्ताहर व ग्रंथकार म्हणून ख्यातनाम होता. त्याच्यानंतर पत्राची मालकी घराण्याच्या पुढील पिढ्यांकडे गेली. व्हाइटचे ‘रेड रॉक्स’ हे एम्पोरियातील निवासस्थान राज्य-संरक्षित ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन करण्यात आले आहे.