अडले कुठे, ते लिहून ठेवा



पत्र, तक्ता किंवा सादरीकरण तयार करण्यासाठी 'लिब्रेऑफिस' हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. २०१० साली 'ओपनऑफिस'च्या प्रकल्पातून वेगळे होऊन ते सुरू झाले. ते मुक्तस्रोत आहे. म्हणजे त्याची मूळ रचना कोणालाही पाहता येते, सुधारता येते आणि इतरांना देता येते.

त्याची मार्गदर्शक पुस्तकेही स्वयंसेवकच लिहितात. एक जण प्रकरण लिहितो, दुसरा ते तपासतो. पण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वर्षातून साधारण दोनदा येते आणि पुस्तक मागे पडते. पूर्वी 'फॉरमॅट' यादीत 'पेज' असे नाव होते, नंतर तेथे 'पेज स्टाइल' आले. जुने पुस्तक वाचणारा 'पेज' शोधतच राहतो.

अशी चूक जाणकाराच्या लक्षात येत नाही, कारण त्याचा हात सवयीने योग्य जागी जातो. आजी पुरणपोळीची कृती सांगताना "मीठ अंदाजाने" म्हणते. तो अंदाज किती, हे पहिल्यांदा करणारी नातच विचारते. पुस्तक सुधारायला अशी नात हवी असते.

मराठीचे उदाहरण पाहा. लिब्रेऑफिसच्या परिच्छेद शैलीत देवनागरी अक्षरांचा फॉन्ट व आकार इंग्रजीपेक्षा वेगळ्या ठिकाणी ठरवावा लागतो. हे माहीत नसेल तर इंग्रजी अक्षरे मोठी होतात आणि मराठी आहेत तेवढीच राहतात. केवळ इंग्रजीत काम करणाऱ्याला ही अडचण येतच नाही. ती मराठी लिहिणाऱ्यानेच दाखवायला हवी.

मात्र "पुस्तक समजत नाही" एवढेच सांगून उपयोग नाही. कोणती आवृत्ती होती, पुस्तकातील कोणत्या पानावर काय लिहिले होते, आपण काय केले आणि पडद्यावर काय दिसले, हे क्रमाने लिहावे. उपाय सापडला तर तोही लिहावा. अशी नोंद वाचून दूरचा स्वयंसेवक ते वाक्य दुरुस्त करू शकतो.

आपल्या संगणक कक्षात यासाठी एक वही ठेवत आहोत. मुलांनी अडचण मराठीत लिहावी. शिक्षक ती तपासतील आणि योग्य नोंदी इंग्रजीत करून प्रकल्पाकडे पाठवतील. ज्या पालकांना संगणकाची माहिती आहे, त्यांनी या कामात अवश्य मदत करावी.

अडले म्हणून संकोच करू नका. तुमच्या चार ओळींमुळे पुढचा विद्यार्थी तेथे अडणार नाही.

— मुख्याध्यापक