कोंबडी आपलेंच अंडें कां खाते?

परसदारीं चार कोंबड्या पाळणाऱ्या घरांत कधीं कधीं एक चमत्कारिक चोरी सुरू होते. कोंबडी कोकलत खुराड्यांतून बाहेर येते, म्हणजे तिनें अंडें घातलें हें उघड असतें. पण आंत पाहावें तों ओला पेंढा आणि कवचाचे दोन-चार कण एवढेंच काय तें शिल्लक. पहिला संशय उंदरावर जातो, दुसरा कावळ्यावर आणि तिसरा शेजारच्या मांजरावर. आठ दिवस पाळत ठेवल्यावर ध्यानांत येतें कीं, चोर बाहेरचा नाहीं. जिनें अंडें घातलें तिनेंच, किंवा तिच्या सोबतिणीनें, तें फोडून खाल्लें आहे. कुंपणच शेत खाऊं लागलें तर राखण करणाऱ्यानें करावें तरी काय, असा प्रश्न मग घरधनिणीस पडतो.

ठाणे जिल्ह्याचें विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजीं जो पालघर जिल्हा अस्तित्वांत आला, त्यांत अशा परसदारांची वाण नाहीं. तारापूर येथें १९६९ सालीं अणुवीज केंद्र सुरू झालें, बोईसरच्या आसपास कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली, आणि हा मुलूख विजेच्या व कारखान्यांच्या नांवानें बाहेर ओळखला जाऊं लागला. तथापि वसाहतीची शेवटची भिंत ओलांडली कीं भाताचीं खाचरें लागतात, पाड्यांवरचीं कुडाचीं घरें दिसतात, आणि अंगणाअंगणांतून गावठी कोंबड्या उकिरडा उकरतांना आढळतात. नोकरीनिमित्त येथें येऊन राहिलेल्या सुशिक्षित कुटुंबांपैकीं ज्यांच्या घरामागें थोडी मोकळी जागा आहे, त्यांपैकीं कित्येकांनाही हा छंद जडतो.

अंडें एक गेलें तर काय बिघडलें, असें कोणास वाटेल. पण हिशेब करून पाहिला म्हणजे नुकसान लहान नाहीं हें कळतें. पिंजऱ्यांत ठेवलेली व्यापारी जातीची कोंबडी वर्षाला ३०० पर्यंत अंडीं देते. परसांतल्या गावठी कोंबडीचीं अंडीं वर्षाकांठीं साठ-सत्तरच भरतात. त्यांतलीं दहा-बारा अंडीं रवणीस बसवावयाचीं, कांहीं विकावयाचीं, आणि राहतील तीं घरांत खावयाचीं. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम उत्तम प्रतीचें प्रथिन असतें. जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगरी तालुक्यांत मुलांचें कुपोषण हा वर्षानुवर्षें चिंतेचा विषय होऊन राहिला आहे. तेथें घरट्यांत फुटलेलें अंडें हें मुलाच्या ताटांतून गेलेलें अंडें असतें. म्हणून हा प्रश्न क्षुल्लक समजून सोडून देणें बरें नव्हे.

आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंडें खाणारी कोंबडी दुष्ट नसते, कीं तिला वेडही लागलेलें नसतें. धड अंडें हें खाद्य आहे, हें कोंबडीस उपजत ठाऊक नसतें. त्यावर ती निश्चिंतपणें बसते, चोंचीनें तें हलकेच आपल्या पोटाखालीं ओढून घेते. परंतु एखादें अंडें तडकलें आणि आंतला बलक बाहेर आला कीं, किडामुंगी टिपणारी तिची चोंच त्याकडे सहज वळते. बलकाची चव तिला आवडते. असें दोन-चार वेळां घडलें म्हणजे गोल पांढऱ्या वस्तूच्या आंत खाऊ असतो हें ती शिकते, आणि मग धड अंडें स्वतः होऊन टोंचूं लागते. तिचें पाहून दुसरी शिकते. तेव्हां या खोडीचें मूळ कोंबडीच्या मनांत नसून पहिल्या फुटलेल्या अंड्यांत आहे. तें अंडें कां फुटलें, याचा शोध लावला म्हणजे अर्धा इलाज झाला.

अंडें फुटण्याचें पहिलें कारण म्हणजे पातळ कवच. अंड्याच्या वजनाचा सुमारें दहावा हिस्सा कवचाचा असतो, आणि कवचाचे शेंकडा ९४-९५ भाग कॅल्शियम कार्बोनेटाचे, म्हणजे ज्या द्रव्याचे खडू व शिंपले बनतात त्याचेच असतात. एक अंडें पोटांत तयार होण्यास सुमारें २५ तास लागतात. त्यांपैकीं पांढरा भाग चढण्यास तीन-चार तास पुरतात. पण कवच घडण्यास जवळजवळ २० तास लागतात, आणि यांतला मोठा भाग रात्रींचा असतो. एका कवचासाठीं कोंबडीला सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम लागतें. तें खाण्यांतून मिळालें नाहीं तर ती आपल्या हाडांतून काढून देते. परंतु तो सांठा लवकरच आटतो, आणि मग कवच कागदासारखें होतें किंवा अंडें नुसत्या पडद्यांत गुंडाळलेलें बाहेर पडतें.

आतां पालघरकडील परसांतली कोंबडी खाते काय, तें पाहावें. तांदळाच्या कण्या, भाताचा कोंडा, उरलेला भात आणि उकिरड्यावर मिळेल तें. अंडीं देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यांत शेंकडा साडेतीनच्या आसपास कॅल्शियम व सोळा-सतरा प्रथिन असावें असें शास्त्र सांगतें. कण्यांत प्रथिन याच्या निम्मेंच असतें, आणि कॅल्शियम तर नांवालाच. कोंड्यांत स्फुरद पुष्कळ खरें, पण तें अशा स्वरूपांत असतें कीं, खाण्यांतल्या थोड्याशा कॅल्शियमलाही तें अडकवून ठेवतें. म्हणजे भातावर पोसलेली कोंबडी पोटभर खाऊनही दोन गोष्टींची भुकेली राहते. या दोन्ही गोष्टी तिला अंड्यांत सांपडतात. कवचांत कॅल्शियम आणि बलकांत प्रथिन. तिच्या खोडीमागें अशी एक गरजही दडलेली असते.

सुदैवानें भातशेतीनें जें उणें ठेवलें तें भरून काढणारा समुद्र या भागांत हाकेच्या अंतरावर आहे. सातपाटी, मुरबे, नांदगांव, नवापूर, तारापूर, चिंचणी या किनाऱ्याच्या गांवांतून तिसऱ्या व कालवें घरोघर शिजतात, आणि त्यांचे शिंपले उकिरड्यावर जातात. हेच शिंपले गोड्या पाण्यानें स्वच्छ धुवावे, उन्हांत खडखडीत वाळवावे, आणि पाट्यावर किंवा खलांत जाडसर कुटावे. त्यांचे कण ज्वारीच्या दाण्याएवढे राहूं द्यावे, अगदीं पीठ करूं नये. जाड कण कोंबडीच्या पेषणींत रात्रभर टिकून हळूहळू विरघळतात, आणि कवच घडण्याच्या नेमक्या वेळीं रक्ताला कॅल्शियम पुरवीत राहतात. पिठाचा अंमल मात्र तिन्हीसांजेलाच सरतो. हे कण खाद्यांत न मिसळतां वेगळ्या वाटींत ठेवावे. ज्या कोंबडीला गरज असेल ती आपण होऊन खाते. कोंबडे व पिलें यांना मात्र सक्तीनें जास्त कॅल्शियम गेल्यास अपाय होतो; विशेषतः पिलांचे मूत्रपिंड बिघडतात. पान खाण्याचा चुना शिंपल्यांच्या जागीं देऊं नये, कारण तो दाहक असतो. स्वयंपाकघरांतलीं अंड्यांचीं कवचें द्यावयाचीं असतील तर तीं तव्यावर भाजून बारीक चुरून द्यावीं. अर्धें कवच तसेंच अंगणांत फेंकणें म्हणजे कोंबडीला चोरीचा पहिला धडा देणें होय.

प्रथिनासाठीं सुका जवळा उत्तम. तो धुवून वाळवून पांच-सहा कोंबड्यांमागें रोज एक लहान मूठ पुरे. अधिक दिल्यास अंड्यांना मासळीचा वास येतो. मीठ लावून खारवलेली मासळी मात्र कटाक्षानें टाळावी, कारण जास्त मीठ कोंबडीला विषासारखें बाधतें. मासळी न चालणाऱ्या घरांनीं शेंगदाण्याची पेंड वापरावी. ती मात्र बुरशी आलेली नसावी.

दुसरें कारण ऋतूंत आहे. कोंबडीला घाम येत नाहीं. चैत्र-वैशाखांत ती चोंच उघडी टाकून धापा टाकते आणि त्यायोगें अंगांतली उष्णता बाहेर टाकते. किनाऱ्यावरच्या दमट हवेंत हा उपाय पुरा पडत नाहीं, म्हणून तिला अधिकच धापा टाकाव्या लागतात. प्रत्येक धापेबरोबर रक्तांतला कर्बवायु निघून जातो, आणि कवचासाठीं लागणारें कार्बोनेट कमी पडतें. यामुळें भरपूर शिंपले खाणाऱ्या कोंबडीचेंही कवच उन्हाळ्यांत पातळ होतें. सावली, मोकळा वारा आणि मातीच्या परळांत दिवसांतून दोन-तीनदां बदललेलें गार पाणी, हाच त्यावर उपाय. पाणी कमी पडलें तर तहानेनेंही कोंबडी अंडें टोंचते. उलट पावसाळ्यांत आठ-आठ दिवस खुराड्यांत कोंडलेल्या कोंबड्यांना ऊन मिळत नाहीं. उन्हावांचून ड जीवनसत्त्व नाहीं, आणि त्यावांचून कॅल्शियम अंगीं लागत नाहीं. पाऊस उघडतांच त्यांना बाहेर सोडावें. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, व श्वसनमार्गाचे कांहीं रोग यांनींही कवच पातळ व वेडेंवांकडें होतें; कोंबड्या मलूल दिसूं लागल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्याचा किंवा डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

कवच चांगलें असूनही अंडें फुटतें तें जागेच्या दोषानें. नव्या घरांतून पुष्कळदां पत्र्याचा डबा किंवा सिमेंटची कोनाडी हेंच कोंबडीचें घरटें असतें. तळाशीं मऊ कांहीं नसलें कीं पडतांच अंडें तडकतें. पाड्यांवरची बांबूची टोपली या बाबतींत अधिक शहाणी म्हणावी लागेल. चार-पांच कोंबड्यांमागें एक घरटें असावें. तें फूटभर लांब-रुंद, जमिनीपासून हात-दीड हात उंच व काळोखें असावें. तळाशीं तीन बोटें जाडीचा कोरडा पेंढा किंवा भाताचें तूस घालावें आणि ओलें होतांच बदलावें. काळोख अशासाठीं कीं, जें दिसत नाहीं तें टोंचलें जात नाहीं. एकाच घरट्यांत तीन कोंबड्यांची रेटारेटी झाली तर अंड्यावर पाय पडणारच. बहुतेक कोंबड्या सकाळीं अंडीं घालतात. म्हणून दुपारपर्यंत दोनदां आणि संध्याकाळीं एकदां अंडीं उचलावीं. खुडूक बसलेली कोंबडी वेगळी ठेवावी, नाहीं तर ती घरटें अडवून धरते व इतरांशीं भांडते.

एवढें करूनही चोरी चालूच राहिली तर गुन्हेगार ओळखावा. साप व घूस अंडें सगळेंच नेतात. कावळा कवच बाहेर टाकतो. कोंबडीच्या चोंचीला व गळ्याच्या पिसांना मात्र वाळलेला बलक चिकटलेला असतो. अशा कोंबडीला आठवडाभर डालग्याखालीं वेगळी ठेवावी आणि सोबत लांकडाचीं किंवा गुळगुळीत पांढऱ्या दगडाचीं दोन अंडीं ठेवावीं. टोंचून टोंचून चोंच दुखते, हातीं कांहीं लागत नाहीं, आणि गोल वस्तूंत खाऊ असतो ही समजूत हळूहळू पुसली जाते.

येथें एका प्रचलित उपायाचा विचार केला पाहिजे. रिकाम्या कवचांत तिखट भरून तें कोंबडीपुढें ठेवावें, म्हणजे तिला जन्माची अद्दल घडेल, असें पुष्कळ जण सांगतात. परंतु मिरचीची आग माणसाच्या जिभेला लागते, कोंबडीच्या नव्हे. मिरचींतलें कॅप्सेसिन नांवाचें द्रव्य सस्तन प्राण्यांच्या ज्ञानतंतूंना जाळतें. पक्ष्यांच्या ज्ञानतंतूंवर त्याचा तसा परिणाम होत नाहीं. पिंजऱ्यांतला पोपट हिरवी मिरची मिटक्या मारीत खातो, हें कोणीं पाहिलेलें नाहीं? मोहरीचा झणका निराळ्या द्रव्याचा असतो हें खरें. पण तिखट काय कीं मोहरी काय, भरलेलें अंडें अखेर फुटतेंच, आणि अंडें टोंचल्यानें फुटतें हा धडा कोंबडीच्या मनांत पक्काच होतो. न फुटणारें दगडाचें अंडें तिला याच्या उलट शिकवतें. चोंचीचें टोंक कापण्याचा उपाय तर क्रूर आहे. परसांत चरून किडे वेंचणाऱ्या पक्ष्याचें पोट त्या टोंकावर चालतें.

खोड फारच मुरली असेल तर उताराचें घरटें करावें. तळाच्या फळीला फुटामागें सुमारें दोन इंच उतार द्यावा, वर पातळ चटई अंथरावी, आणि खालच्या बाजूस झांकलेली पन्हळ ठेवावी. अंडें पडतांच हळूच घरंगळत पन्हळींत जातें. कोंबडी वळून पाहते तों जागा रिकामी. एखाद्या सुताराकडून जुन्या फळ्यांचें असें घरटें थोड्या खर्चांत होतें. यानेंही जी सुधारत नाहीं, ती कोंबडी कळपांत ठेवूं नये. एकीच्या मोहापायीं साऱ्या जणी बिघडतात.

मात्र अशी पाळी क्वचितच येते. वाटीभर शिंपले, मूठभर जवळा, परळभर गार पाणी, कोरडा पेंढा आणि वेळेवर उचललेलें अंडें, एवढ्यावर बहुतेक घरांतली ही चोरी थांबते. यांतली एकही वस्तु पालघर-बोईसरच्या बाजारांत दुर्मिळ किंवा महाग नाहीं. शिंपले तर आजवर फुकटच टाकले जात होते. कोंबडीला शिक्षा करण्याआधीं तिच्या वाटींत काय पडतें व तिच्या घरट्याच्या तळाशीं काय आहे, हें पाहण्याची संवय पाळणाऱ्यानें लावून घेतली, तर पहिलें अंडें फुटणारच नाहीं, आणि पहिलें फुटलें नाहीं म्हणजे पुढचीं सारीं घरांत येतील.