गेलेल्या फाइलीला रोजची हाक

मागच्या भागात संगणक सुरू व्हायला वेळ का लागतो ते पाहिले. आज सुरू झाल्यावर जी चौकट समोर येते, तिच्याकडे वळू.

विंचूरमधल्या कितीतरी घरांत पोरांच्या एमएससीआयटीच्या निमित्ताने घेतलेला संगणक अजून चालतो. विंडोज ७ असते, क्वचित एक्सपीही. उपबाजारातले कांद्याचे भाव आता मोबाइलवर कळतात, पण लग्नाचे फोटो आणि सोसायटीचे हिशोब तिथेच असतात. चालू केला की 'रनडीएलएल' नावाची चौकट उगवते: अमुक मॉड्यूल सापडले नाही. ओके दाबले की जाते, उद्या पुन्हा हजर. दुकानात नेला तर उत्तर तयार असते, 'फॉरमॅट मारावा लागेल.' बहुतेक वेळा त्याची काही गरज नसते.

विंडोजकडे एक यादी असते: सुरू होताना कोणकोणते प्रोग्राम उठवायचे त्याची. शाळा सोडून गेलेल्या पोराचे नाव हजेरीपटावर राहावे आणि गुरुजींनी रोज पुकारावे, तसे इथे होते. फाइल गेली, नोंद राहिली. फाइल बहुधा अँटीव्हायरसने काढलेली असते, म्हणजे ही चौकट बऱ्याचदा दुखणे बरे झाल्याचीच खूण. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हवर आलेले व्हायरस याच यादीत आपले नाव घुसवत. पेनड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची सोय त्यांच्या पथ्यावर पडली होती. विंडोज ७ मध्ये ती सुरुवातीपासूनच आवळलेली होती. एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये अपडेट पाठवले. 'स्क्रिप्ट फाइल सापडत नाही' ही चौकटही रनडीएलएलच्याच जातीची.

तेव्हा चौकट बंद करण्याआधी तिच्यातले नाव आणि पत्ता कागदावर उतरवून घ्या. ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि सगळी किल्ली तिच्यातच आहे. मग विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, 'एमएसकॉन्फिग' टाइप करा, 'स्टार्टअप' उघडा. त्या नावाच्या ओळीसमोरची खूण काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा. विंडोज ८ पासून ही यादी टास्क मॅनेजरमध्ये हलवली आहे. ओळ नुसती बंद होते, पुसली जात नाही. चुकीची निघाली तर परत खूण करता येते. म्हणून भीती नको.

तिथे नाव दिसलेच नाही तर टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी प्रोग्राम उठवणारी विंडोजची दुसरी यादी, पाहावा. २०१४ च्या सुमारास 'बॅकग्राउंडकंटेनर' नावाच्या फाइलीने जगभर लोकांना पिडले. कंड्युट नावाचा टूलबार काढून टाकला तरी त्याचे काम शेड्युलरमध्ये मागे राहत होते, आणि स्टार्टअपच्या यादीत ते शोधणारे हैराण होत. शेड्युलरमधली ती एक ओळ पुसली की चौकट थांबे.

एक मात्र करू नका. हरवलेल्या फाइलीचे नाव इंटरनेटवर शोधून ती फुकट उतरवून घेऊ नका. व्हायरसची फाइल असेल तर गेलेला पाहुणा तुम्हीच गाडी पाठवून परत आणाल. प्रिंटर किंवा मराठी टायपिंगच्या प्रोग्रामची असेल तर तो मूळ प्रोग्रामच पुन्हा बसवावा.

रोज तेच नाव येत असेल तर वरचा उपाय पुरतो. पण आज एक, उद्या दुसरे, परवा तिसरेच नाव येत असेल तर यादीला दोष देऊ नका. भारनियमनात धाडकन बंद पडून पडून हार्ड डिस्क खराब होऊ लागलेली असू शकते, किंवा रॅममध्ये बिघाड असेल. अशा वेळी दुरुस्तीला हात घालण्याआधी फोटो आणि हिशोब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. डिस्क तपासायची कशी, ते पुढच्या आठवड्यात.