बेगमीचे कागद आणि गांवचें माप

एखाद्या जुन्या घराण्याचें दप्तर हातीं आलें म्हणजे संग्राहकाची दृष्टि प्रथम सनदा, महजर, वतनपत्रें व शिक्क्यांचे कागद यांवर जाते. तें स्वाभाविक आहे. पण असे कागद निवडून घेतल्यावर रुमालाच्या तळाशीं अरुंद बंदांवर लिहिलेल्या कांहीं मोडी यादी उरतात. कोणत्या पेंवांत जोंधळा किती घातला, कोठींतून शिधा कोणास दिला, दिढीनें कोणाचें काय देणें आहे, एवढाच त्यांतील मजकूर. म्हणून त्या बहुधा रद्दींत जातात. या यादींस आम्ही येथें बेगमीचे कागद म्हणतों. धामधुमीच्या वर्षीं एखादें घर किती दिवस तग धरूं शकत होतें, हें सांगणारा दुसरा पुरावा सहसा सांपडत नाहीं. मात्र तो वाचण्यास एक किल्ली लागते, ती म्हणजे त्या गांवचें माप.

बेगमी ही घरासही लागे व लष्करासही. चिपळूणनजीक हलवर्ण येथील छावणीस सुमारें १६७३-७४ सालीं गेलेलें शिवाजीमहाराजांचें पत्र वाचकांस परिचित आहेच. उंदीर दिव्याची पेटती वात नेईल व गवतास आग लागेल, या सूचनेकरितां तें नेहमीं पुढें केलें जातें. आमच्या मतें त्याचा गाभा हिशेबाचा आहे. पावसाळाभर पुरवावयाची दाणावैरण आरंभींच उधळली तर ऐन पावसांत घोडीं उपाशीं मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या घरून धान्य व सरपण उचलूं लागतील आणि रयत गांव सोडील, असा क्रम त्यांत लावलेला आहे. छावणीची बेगमी चुकली कीं तिची भरपाई गांवच्या घरांतून होते, ही गोष्ट लिहिणारास पुरती ठाऊक होती.

गडावरील कोठारांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. अंबारखान्याची भुई दगडी असावी, आग, उंदीर, मुंगी व वाळवी यांचा उपद्रव होऊं नये, ही काळजी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आहे, आणि पन्हाळ्यावरील गंगा, यमुना व सरस्वती या कोठ्या आजही उभ्या आहेत. रयतेच्या घरास तट नव्हता. त्याचें संरक्षण भुईच्या पोटांत होतें.

देशावर त्यासाठीं पेंव खणीत. जागा उंचवट्याची व मुरमाड पाहावयाची. तोंड एक माणूस उतरेल इतकें अरुंद आणि आंत पोट रुंद. तळाशीं व बाजूंस कडबा आणि भूस घालून जोंधळा ओतीत, वर पुन्हां भूस व माती दाबून तोंड लिंपून टाकीत. आंत कोंडलेल्या हवेंतील प्राणवायु हळूहळू संपतो, त्यामुळें किडा जगत नाहीं व दाणा वर्षानुवर्षें टिकतो. हीच गोष्ट माणसासही घातक. पेंव उघडल्यावर कांहीं वेळ तसेंच ठेवून मग दिवा सोडून पाहात. दिवा विझला तर कोणी उतरत नसे. घाईनें उतरलेले लोक आंतच गुदमरून मेल्याचे प्रकार झालेले आहेत. कडेचा व वरचा थर ओल लागून काळा पडे, म्हणून घातलेलें व निघालेलें धान्य यादींत जुळत नाहीं. ही तूट पाहून कारकुनावर चोरीचा संशय घेण्याची घाई करूं नये.

कणगी किंवा बळद घरांत शिरणारास दिसतें. तोंड लिंपून सारवलेलें पेंव परक्यास सहज ओळखूं येत नाहीं. ऑक्टोबर १८०२ मध्यें यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. पाठोपाठ मुलूख लुटला गेला, पाऊसही हुकला आणि १८०३-०४ सालीं दक्षिणेंत मोठा दुष्काळ पडला. अशा वर्षीं वाळवीपेक्षां स्वाराचें भय अधिक. कोंकणांत हा उपाय चालत नाहीं, कारण भुई ओली. तेथें भात पेंढ्याच्या मुड्यांत बांधून ठेवीत व लागेल तसें कांडीत. नाचणीस कीड सहसा लागत नाहीं, म्हणून गरिबाचा खरा भरंवसा तिच्यावर. (पेंवांत धान्यच असे असेंही नाहीं. सांगलीजवळ हरिपूरचीं पेंवें हळदीचीं. २००५ च्या महापुरांत त्यांतील पुष्कळ नष्ट झालीं.)

आतां मापाकडे वळूं. यादींत 'कैली' असें लिहिलें असेल तर आंकडा मापाचा, 'वजनी' असेल तर तोलाचा. दोन शेरांची अधोली, दोन अधोलींची पायली, वीस मणांची खंडी, इथवर अडचण थोडी. मण मात्र कोठें बारा पायल्यांचा, तर कोठें सोळांचा. एका घरांत खाणारीं माणसें आठ, पेंवांत जोंधळा एक खंडी, आणि दरमाणशीं रोज एक शेर असा ढोबळ हिशेब धरूं. बारा पायल्यांच्या मणानें खंडीचे ९६० शेर होतात व धान्य १२० दिवस पुरतें. सोळांच्या मणानें १,२८० शेर व १६० दिवस. ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेस पेंव उघडलें तर पहिल्या मापानें तें घटस्थापनेच्या सुमारास संपतें, दुसऱ्यानें कार्तिकी एकादशीपर्यंत पोंचतें. नवी बाजरी येते ती या दोहोंच्या दरम्यान! म्हणजे तोच आंकडा एका गांवीं निभावणीचा, तर दुसऱ्या गांवीं कर्जाचा ठरतो. मध्यें अधिक मास असेल तर महिन्यांची मोजणी आणखी चुकते, म्हणून यादीचा शक प्रथम निश्चित करावा.

धान्य कमी पडलें कीं घर सवाईनें वा दिढीनें दाणे उचली. दिढीनें घेतलेल्या मणास सुगींत दीड मण फेडावयाचा, अर्थात् पुढील वर्षाची बेगमी आधींच तितकी उणी. लागोपाठच्या दोनतीन वर्षांच्या यादी एकत्र असल्या तर घर खालीं जातांना स्पष्ट दिसतें; त्यांतली एक गहाळ झाली कीं पुढें आलेल्या जमिनीच्या गहाणखताचें कारण कळत नाहीं. गहाणखत आपण जपतों, यादी टाकून देतों. आणि व्यापाराचें घर म्हणजे सुरक्षित, असेंही मानूं नये. तुकोबांच्या घरीं वाणीपणाचा धंदा होता, तरी त्यांची पहिली पत्नी दुष्काळांत अन्नावांचून गेली.

संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, हे बंद ज्या रुमालांत सांपडतील त्याच क्रमानें ठेवावे, आणि त्या घरीं जुनी पायली किंवा अधोली असेल तर तीही पाहावी. ती जोंधळ्यानें भरून दाणे तोलावे. एकदां सपाट व एकदां शीग लावून, असे दोन्हीं आंकडे टिपून यादीसोबत ठेवावे. देतांना सपाट आणि घेतांना शिगेचें माप वापरणारा सावकार कागदावर कधींच सांपडत नाहीं.