ॲक्सिलरेटर सोड, फावडं उचल!

बर्फातल्या रोड ट्रिप्स सध्या जाम हिट आहेत. पण आडवाटेवर फोर बाय फोर रुतून बसली, तर ती बाहेर कशी काढायची, हे किती जणांना माहीत असतं?

डिसेंबर उजाडला की ऑफिसच्या कँटीनमधल्या गप्पांचा ट्रॅक बदलतो. गोवा आउट, स्पिती इन! कुणीतरी नवी एसयूव्ही घेतलेली असते, कुणाकडे चार दिवसांची सुट्टी शिल्लक असते आणि कुणाच्या तरी मोबाइलवर बर्फ उडवत जाणाऱ्या गाडीचा व्हिडिओ असतोच. झालं, प्लॅन फायनल!

त्यात हिमाचल आता खूप सोपं झालंय. पूर्वी ३,९७८ मीटर उंचीचा रोहतांग पास बर्फाने बंद झाला की लाहौल खोरं कित्येक महिने मनालीपासून तुटायचं. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरच्या अटल टनेलचं उद्घाटन झालं आणि भर हिवाळ्यातही पलीकडे जाता येऊ लागलं. अर्थात गर्दीही पोचली. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल टनेल या पट्ट्यात शेकडो गाड्या बर्फात अडकल्या आणि पोलिसांना रात्री रस्त्यावर उभं राहून टुरिस्टांना सोडवावं लागलं.

पण तो हायवे होता. तिथे पोलीस होते, मागे-पुढे माणसं होती. खरी परीक्षा होते ती हायवे सोडून गावाकडे वळणाऱ्या एकेरी रस्त्यावर. तिथे नेटवर्क नसतं, टोइंग व्हॅन नसते. तुम्ही, तुमची गाडी आणि डिकीत जे काही असेल ते, बस्स!

फोर बाय फोर म्हणजे सुपरमॅन नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू या. एसयूव्ही दिसते दणकट, पण प्रत्येक एसयूव्ही फोर बाय फोर नसते. २०२३ पासून तर थारही टू व्हील ड्राइव्हमध्ये मिळते. त्यामुळे निघण्याआधी आपल्या गाडीची नेमकी किती चाकं ओढतात, हे बघून घ्या.

समजा, चारही ओढतात. तरी साध्या डिफरेन्शियलची एक खोड असते. ज्या चाकाला पकड नाही, ते चाक फिरत राहतं आणि ज्याला पकड आहे, ते ढिम्म बसतं. फोर-लो टाकलं की चाकाला जोर मिळतो, पकड नाही. पकड येते ती टायरमधून आणि टायरखाली जे असेल त्यातून. आणि ब्रेकचं काय? ब्रेक तर साध्या हॅचबॅकलाही चारही चाकांना असतात! त्यामुळे बर्फावर फोर बाय फोर चांगली निघते, पण थांबताना तिला काही खास सवलत मिळत नाही. उलट साधी गाडी जिथे आधीच हार मानते, तिथून ही आणखी दोन किलोमीटर आत जाते आणि मग अडकते.

लांगझाच्या रस्त्यावर

मागे एकदा फेब्रुवारीत पुण्याच्या एका ग्रुपबरोबर मी स्पितीत होते. दोन गाड्या, सात माणसं आणि काझाहून बरोबर घेतलेला एक लोकल ड्रायव्हर. सगळे त्याला 'भाईजी' म्हणायचे. काझाहून लांगझा जेमतेम पंधरा किलोमीटर, पण चढत चढत तुम्ही ४,४०० मीटरच्या आसपास जाता. जेसीबीने बर्फ दोन्ही बाजूंना सारलेला आणि मधे एका गाडीपुरती वाट.

समोरून गावातली पिकअप आली. पुढच्या गाडीच्या स्टिअरिंगवर आमचा आयटीवाला मित्र होता, कॉन्फिडन्स फुल्ल! साइड द्यायला त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली गटार होतं. डावीकडची दोन्ही चाकं फसकन खाली गेली.

मग त्याने तेच केलं जे आपण शहरात चिखलात करतो. घर्रर्र... आणखी घर्रर्र... चाकं जागच्या जागी गरगर फिरली आणि गाडी पोटापर्यंत खाली बसली. भाईजी मागच्या गाडीतून उतरून शांतपणे आला, खिडकीतून हात घालून त्याने किल्ली फिरवली आणि म्हणाला, "सरजी, अब गाडी को आराम दो. काम हम करेंगे."

त्यानंतरच्या पाऊण तासात मी जे पाहिलं, ते कुठल्याही ॲडव्हेंचर व्हिडिओत पाहिलं नव्हतं. त्यात थ्रिल काहीच नव्हतं, नुसती शिस्त होती.

भाईजींचा क्रॅश कोर्स

१. पाय उचला. फिरणारं चाक गरम होतं, खालचा बर्फ वितळवतं आणि ते पाणी पुन्हा गोठून काचेसारखं गुळगुळीत होतं. म्हणजे आपणच आपल्यासाठी घसरगुंडी तयार करतो. एक-दोनदा हलक्या पायाने प्रयत्न करा. नाही निघाली तर थांबा.

२. एग्झॉस्ट मोकळा करा. पहिलं फावडं सायलेन्सरच्या तोंडाशी. का, ते पुढे सांगते.

३. पोट उकरा. बहुतेक जण फक्त चाकाभोवतीचा बर्फ काढतात. पण गाडी पोटावर टेकली असेल, तर चाकांवर वजनच येत नाही. मग पकड येणार कुठून? खाली वाकून डिफरेन्शियल आणि चासीखालचा बर्फ काढायचा. काम कंटाळवाणं आहे, पण तेच निर्णायक ठरतं.

४. आलात तसे परत जा. गाडी जिथून आत आली, तिथला बर्फ आधीच दबलेला असतो. म्हणून बहुतेक वेळा रिव्हर्स हाच सोपा मार्ग. त्या दिशेला प्रत्येक चाकामागे छोटा उतार करायचा आणि पुढची चाकं सरळ ठेवायची.

५. हवा कमी करा. भुसभुशीत बर्फात टायरचं प्रेशर २० पीएसआयच्या आसपास आणलं की टायर पसरतो आणि कमी रुततो. मात्र त्या प्रेशरवर स्पीड घ्यायचा नाही आणि बाहेर आल्यावर हवा पुन्हा भरायची. म्हणजे छोटा कंप्रेसर जवळ हवाच. नुसता कडक आयसिंगचा थर असेल, तर हा उपाय फारसा कामाचा नाही. तिथे चेनच लागते.

६. चाकाखाली काहीतरी द्या. रिकव्हरी बोर्ड असतील तर उत्तम. नाहीतर वाळू, खडी किंवा राख. आमच्या वेळी वरच्या घरातून एक बाई तंदूरची, म्हणजे तिकडच्या शेगडीची, राख बादलीभर घेऊन आल्या. गाडीतली पायपुसणी नकोत, ती चाकाखालून गोळीसारखी मागे उडतात.

७. आता फोर-लो. इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल ऐन वेळी इंजिनची ताकद कापत असेल, तर ते बंद करा. पाय अगदी हलका. गाडी फूटभर हलली आणि थांबली तर रेस नाही, पुन्हा फावडं.

आमची गाडी तिसऱ्या प्रयत्नात बाहेर आली. आणि हो, त्या उंचीवर फावडं मारणं म्हणजे जिममधला कार्डिओ नव्हे! दोन-तीन मिनिटांत धाप लागते. आळीपाळीने करा आणि घाम येऊ देऊ नका. भिजलेला टी-शर्ट थोड्या वेळाने अंगावरच गार पडतो.

दोरी दिसते साधी, पण...

दुसऱ्या गाडीने ओढायचं ठरलं, तर जास्त काळजी घ्या. दोरी फक्त गाडीला दिलेल्या टो-हुकला लावायची. मागच्या ट्रेलरच्या टो-बॉलला तर कधीच नाही. ताणलेल्या दोरीने तो तुटला, तर तोफगोळ्यासारखा सुटतो आणि त्याने माणसं मेली आहेत. दोरीच्या मधोमध जाड जॅकेट किंवा ब्लँकेट टाका, म्हणजे ती तुटली तरी फार उसळत नाही. बघ्यांनी दोरीच्या दीडपट लांब उभं राहायचं. व्हिडिओ काढणाऱ्याने सुद्धा! साधा टोइंग पट्टा असेल तर झटका मारायचा नाही. झटक्यासाठी ताणली जाणारी वेगळी कायनेटिक दोरी मिळते.

विंच आहे म्हणून निर्धास्त असाल, तर थांबा. स्पिती म्हणजे थंड वाळवंट. लांगझाच्या माळावर विंचची केबल बांधायला झाडच नाही! म्हणून नियम एकच, अशा रस्त्यावर एकटी गाडी न्यायची नाही.

रात्र गाडीत काढायची वेळ आली तर

आता त्या सायलेन्सरबद्दल. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या हिल स्टेशनजवळ तुफान बर्फात हजारो गाड्या अडकल्या आणि वीसहून जास्त माणसं दगावली. अनेक जण बंद गाडीत सापडले. काहींचा बळी थंडीने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने घेतला असावा, असं तेव्हा सांगितलं गेलं. सायलेन्सर बर्फात बुजला आणि हीटरसाठी इंजिन चालू राहिलं, की हा वायू गाडीत शिरतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. नेमकी हीच लक्षणं उंची बाधल्याचीही असतात, म्हणून कुणाला शंकाच येत नाही.

त्यामुळे गाडी सोडून अंधारात चालत सुटू नका, पण इंजिन रात्रभर चालूही ठेवू नका. तासाला दहा मिनिटं पुरेत. प्रत्येक वेळी आधी उतरून सायलेन्सर साफ करायचा आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची.

रस्ता कुणाचा?

एक गोष्ट राहिली. साइड मागणाऱ्या त्या पिकअपमध्ये एक आजी होत्या, काझाच्या दवाखान्यात निघालेल्या. आमची गाडी निघेपर्यंत पाऊण तास त्या तशाच शालीत बसून होत्या. आम्हाला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट त्यांचाच मुलगा आमच्यासाठी फावडं मारत होता.

आपल्यासाठी जी ट्रिप असते, ती तिथल्या लोकांची दवाखान्याची, सिलिंडरची आणि शाळेची एकमेव वाट असते. म्हणून निघण्याआधी गावात विचारा, 'आज रस्ता कसा आहे?' ते नको म्हणाले, तर नको. काझाच्या एखाद्या उबदार खोलीत बसून चहा पिणं हाही हॉलिडेच असतो की!

डिकीत हे हवंच

दोन फावडी (लहान मुठीची नकोत), आपल्या टायरच्या मापाची चेन आणि ती घरी एकदा लावून बघितलेली, टो-दोरी आणि शॅकल, टायर गेज आणि कंप्रेसर, हेडलॅम्प, जाड हातमोज्यांचे दोन जोड, ब्लँकेट, पाणी, सुका खाऊ. रात्री पार्किंग करताना हँडब्रेक ओढू नका, तो गोठून अडकू शकतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

या सगळ्याचा खर्च नव्या अलॉय व्हील्सपेक्षा कमीच येतो. आणि बर्फात तुमची अलॉय व्हील्स तशीही दिसत नाहीत!